मुलांसाठी हॉकीची संरक्षक साधनं घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा सुरू झाल्या आणि मैदानावर नवी मुलं आली की पालक ठरावीक प्रश्न घेऊन येतात. कधी मैदानाच्या कडेला थांबून विचारतात, कधी रात्री दुकानातून फोटो पाठवून "हे घेऊ का?" असं विचारतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हे सगळं मैदानी हॉकीबद्दल आहे, साधारण ६ ते १५ वर्षांच्या मुलामुलींसाठी. कुठलंही एक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल.

१. मुलीने याच आठवड्यात हॉकी सुरू केली आहे. सुरुवातीला नक्की काय घ्यायचं?

शिनगार्ड (नडगीचं कवच), माउथगार्ड (दातांवर बसवायचं आवरण) आणि रबरी तळाचे बूट, ज्यांना बारीक बारीक खुट्ट्या असतात. सुरुवातीला एवढंच. स्टिक पहिले काही महिने क्लबची किंवा शाळेची वापरू द्या.

बरेच पालक उलटं करतात. महागडी स्टिक पहिल्याच दिवशी येते आणि शिनगार्ड "बघू पुढे" म्हणून राहून जातात. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणजे वजनाला क्रिकेटच्या लेदर बॉलइतकाच. तो बहुतेक वेळ जमिनीलगत नडगीच्या उंचीवर धावतो, आणि शेजारी आठ-दहा स्टिक फिरत असतात. नव्या मुलांचा आपल्या स्टिकवर ताबा नसतो, शेजारच्याचाही नसतो. त्यामुळे साधनांची खरी गरज पहिल्या महिन्यातच असते. खर्चाला मर्यादा असेल तर तो स्टिकमध्ये कमी करा.

सहा-सात वर्षांच्या मुलांचा सराव हलक्या प्लॅस्टिकच्या चेंडूने होत असेल तर फारच उत्तम. तरीही शिनगार्डची सवय तेव्हापासूनच लावा.

२. ही साधनं नियमाने सक्तीची आहेत का?

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांत मैदानी खेळाडूंसाठी (म्हणजे गोलकीपर सोडून बाकीच्यांसाठी) नडगी, घोटा आणि तोंड यांच्या संरक्षणाची शिफारस आहे, सक्ती नाही. गोलकीपरला मात्र हेल्मेट, पायांचे पॅड आणि किकर (बुटांवर चढवायचं जाड आवरण) घालावेच लागतात. स्पर्धेचे आयोजक यापेक्षा कडक अट घालू शकतात, म्हणून शालेय किंवा क्लब स्पर्धेचं परिपत्रक नीट वाचा. नियमात सक्ती नाही म्हणून शिनगार्डशिवाय खेळवणं मला मुळीच मान्य नाही. आमच्याकडे शिनगार्ड नसेल तर मूल त्या दिवशी धावतं, पासिंग बघतं, पण सामना खेळत नाही.

३. शिनगार्डचा साइज कसा बघायचा? वाढत्या अंगाचे घेतले तर दोन वर्षं जातील ना?

शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा, शिनगार्ड घेऊ नये. मोठा शिनगार्ड पळताना फिरतो आणि पोटरीकडे सरकतो. चेंडू आला की नडगी उघडीच. वरची कड गुडघ्याच्या वाटीला लागत असेल तर मूल खाली वाकायचं टाळतं, आणि हॉकीत खाली वाकल्याशिवाय काहीच जमत नाही.

मूल उभं असताना घोट्याच्या वळणापासून गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटं जागा सोडून टेपने माप घ्या. ते माप घेऊन दुकानात जा, किंवा ऑनलाइन तक्त्याशी ताडून बघा. फक्त वयावरून साइज ठरवू नका. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो. दुकानात घालून बघताना मुलाला पूर्ण खाली बसवा, पळवा आणि मग शिनगार्ड हाताने बाजूला ढकलून बघा. जागचा हलला तर तो साइज नाही.

आत पातळ मोजा, त्यावर शिनगार्ड, त्यावर हॉकीचे लांब मोजे असा क्रम ठेवला की घासून पुरळ येत नाही.

४. मोठ्या मुलाचे फुटबॉलचे शिनगार्ड घरात आहेत. तेच चालतील का?

पहिले काही दिवस, नवे येईपर्यंत. फुटबॉलचा शिनगार्ड अरुंद आणि पातळ असतो. बुटाची लाथ सोसण्यासाठी तो केलेला असतो. हॉकीत कठीण चेंडू आणि स्टिकचा वाकडा भाग लागतो, तोही बाजूने आणि घोट्यावर. म्हणून हॉकीचा शिनगार्ड पोटरीच्या बाजूपर्यंत वळलेला, वरून कडक, आतून जाड फोमचा आणि घोट्याच्या हाडावर गादी असलेला असतो. घोट्याची गादी वेगळी निघणारी असेल तर धुवायला सोपं पडतं, पण मुलं ती हटकून हरवतात.

५. आमच्या गावात टर्फ नाही, मुरमाचं मैदान आहे. साधनांत काही फरक पडतो का?

पडतो, आणि हे फार कमी लोक लक्षात घेतात. पिंपरीच्या नेहरूनगरचं मैदान, बालेवाडी, चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम अशा टर्फवर (कृत्रिम गवतावर) चेंडू वेगात येतो, पण सरळ येतो. मुरमावर वेग थोडा कमी असतो, मात्र एखाद्या खड्याला लागून चेंडू अचानक उसळतो. भारताचे माजी कर्णधार धनराज पिल्ले पुण्याच्या खडकीत अशाच मैदानांवर शिकले. त्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले, पण ओठ फुटलेली आणि दात पडलेली मुलंही तिथेच दिसतात. म्हणून मुरमावर खेळणाऱ्या मुलाला माउथगार्ड टर्फवरच्या मुलापेक्षाही जास्त गरजेचा आहे.

टर्फवर वेगळा त्रास होतो. पडलं की कातडी सोलते, विशेषतः वाळू भरलेल्या टर्फवर. तिथे डाव्या हाताचा ग्लोव्ह (प्रश्न ९ पाहा) लवकर घ्या. बूटही मैदान बघूनच घ्या. लोखंडी खिळ्यांचे बूट टर्फवर चालत नाहीत, आणि मुलांच्या हॉकीत ते मातीवरही नकोत.

६. माउथगार्ड कुठला घ्यायचा? घरी बसवता येतो का?

तीन प्रकार मिळतात. तयार साच्यातला थेट तोंडात घालायचा असतो. तो दातांनी धरून ठेवावा लागतो, त्यामुळे मूल बोलू शकत नाही आणि धड श्वासही घेऊ शकत नाही. तो घेऊ नका. दुसरा गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा. काही शे रुपयांत येतो आणि बहुतेक मुलांना पुरतो. तिसरा दंतवैद्याकडे दातांचं माप देऊन करून घ्यायचा. तो सगळ्यांत चांगला बसतो आणि महागही असतो. राज्य पातळीवर खेळणाऱ्या किंवा दातांची ठेवण वेगळी असलेल्या मुलांसाठी तो खर्च योग्य आहे.

गरम पाण्याचा घरी बसवता येतो. पाणी उकळून गॅस बंद करा. माउथगार्ड पाण्यात किती सेकंद ठेवायचा ते पाकिटावर असतं. तेच पाळा, अंदाज नको. बाहेर काढून क्षणभर गार पाण्यात बुडवा, नाहीतर ओठ भाजतील. मग वरच्या दातांवर ठेवून मुलाला चावायला सांगा. बाहेरून गाल आणि वरचा ओठ बोटांनी दाबा, आणि मुलाला आत हवा ओढायला सांगा. गार झाला की तोंड उघडून बघा. जबडा पूर्ण उघडला तरी वरच्या दातांना धरून राहिला तर नीट बसला. खाली पडला तर परत मऊ करून बसवा. मागे टोचत असेल तर कात्रीने थोडी कड कापा, पण दाढा उघड्या राहतील इतकी नाही.

७. मुलाचे दुधाचे दात पडताहेत, मुलीला ब्रेसेस आहेत. मग माउथगार्डचं काय?

दात बदलण्याच्या वयात एकच माउथगार्ड वर्षभर बसत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तोंडात घालून बघा, आणि सैल किंवा घट्ट वाटला की नवा घ्या. या वयात महागडा करून घेण्यात अर्थ नाही.

ब्रेसेस असतील तर साधा गरम पाण्याचा माउथगार्ड बसवू नका. तो मऊ असताना तारांमध्ये अडकतो, आणि दात सरकण्याच्या उपचारालाही आडवा येतो. ब्रेसेससाठी वेगळे, आत जागा सोडलेले माउथगार्ड मिळतात. कुठला घ्यायचा ते उपचार करणाऱ्या दंतवैद्यालाच विचारा. ब्रेसेसवर चेंडू लागला तर तारेने ओठ आतून फाटतो, त्यामुळे या मुलांना माउथगार्डची गरज जास्तच आहे.

८. एवढं करूनही दात पडलाच तर?

हे उत्तर फोनमध्ये साठवून ठेवा. आधी तो दुधाचा दात आहे की कायमचा ते बघा. दुधाचा असेल तर परत बसवू नका, रक्त थांबवा आणि दंतवैद्याला दाखवा. कायमचा असेल तर वेळ फार थोडा आहे. दात वरच्या पांढऱ्या भागाने उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दूध किंवा स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून काढा. घासू नका, रुमालाने पुसू नका. मूल शुद्धीवर आणि शांत असेल तर दात त्याच खाचेत सरळ बसवून त्याला स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर गार दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत, उशिरात उशिरा तासाभरात दंतवैद्याकडे पोहोचा. मैदानाजवळच्या चहाच्या टपरीवर दूध असतंच.

९. दुकानदार एकच ग्लोव्ह देतोय, तोही डाव्या हाताचा. फसवतोय का?

नाही. डावा हात स्टिकच्या वरच्या टोकाला असतो. चेंडू अडवायला स्टिक जमिनीवर आडवी टाकली की डाव्या हाताची बोटं जमिनीला घासतात, म्हणून ग्लोव्ह बहुधा डाव्याच हाताचा, सुटा विकला जातो. बोटांच्या पेरांवर कडक कवच आणि तळव्याकडे पातळ कापड असलेला घ्या. तळवा जाड असेल तर स्टिकची पकड जाते. हाताचा आकार बराच वाढेल इतका फुगीर ग्लोव्ह मैदानी खेळाडूला नियमाने चालत नाही.

मूल डावखुरं असलं तरी हेच लागू. हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते. डावखुऱ्यांची वेगळी स्टिक नियमांत नाही, त्यामुळे वरचा हात सगळ्यांचा डावाच.

१०. मुलाला चष्मा आहे. तो लावून खेळला तर?

घरचा चष्मा लावून अजिबात नाही. काच फुटली तर डोळ्यात जाते, आणि धातूची काडी गालात घुसते. पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा, कडेने मऊ आवरण असलेला, मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला खेळाचा गॉगल नंबर टाकून करून घ्या. नियमांत वैद्यकीय कारणासाठी असा प्लॅस्टिकचा गॉगल मान्य आहे. स्पर्धेला जाताना नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी सोबत असू द्या, म्हणजे ऐन वेळी अंपायरशी वाद होत नाही. मोठ्या मुलांना लेन्स चालतील का, हे नेत्रतज्ज्ञांनीच ठरवावं.

११. एल गार्ड लागतो का? आणि मुलींना?

क्रिकेटच्या दुकानात मिळणारा एल गार्ड (जांघेतला नाजूक भाग झाकणारी कडक वाटी) मैदानी खेळाडूला चालतो. नऊ-दहा वर्षांनंतर, पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल दुसऱ्या संघाला मिळणारी गोलवर फटका मारायची संधी) अडवायला मुलगा गोलमध्ये उभा राहू लागला की तो हवाच. त्यासाठी घट्ट बसणारी, खिसा असलेली आतली चड्डी घ्या. नुसता खोचलेला गार्ड सरकतो आणि उलटा त्रास देतो.

मुलींसाठी वेगळ्या आकाराचा ओटीपोटाचा गार्ड मिळतो. पेनल्टी कॉर्नर अडवणाऱ्या मुलीने तो घालावा, आणि गोलकीपर मुलीला तर तो लागतोच. अनेक दुकानांत तो ठेवत नाहीत आणि मुलींना विचारायला संकोच वाटतो. आईने किंवा प्रशिक्षक ताईंनी पुढाकार घेऊन मागवून द्यावा.

१२. चेहऱ्यावर मास्क किंवा डोक्यावर हेल्मेट घालूनच खेळवलं तर सगळीच काळजी मिटेल ना?

नियम तसं करू देत नाही, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. हेल्मेट घातलेलं मूल डोकं पुढे घालून घुसतं आणि बाकीच्या उघड्या चेहऱ्यांना धोका होतो. मैदानी खेळाडूला चेहऱ्यालगत बसणारा मास्क पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोक (गोल राखणाऱ्या एकट्याविरुद्ध जवळून मारायचा फटका) अडवताना घालता येतो. कॉर्नर अडवून चेंडू मिळाला तर तो घालूनच पुढे खेळता येतं, पण गोलरेषेपासून २३ मीटरवरच्या रेषेबाहेर जाण्यापूर्वी काढावा लागतो. संपूर्ण सामन्यात मास्क किंवा मऊ शिरस्त्राण फक्त वैद्यकीय कारणासाठी चालतं.

पेनल्टी कॉर्नर अडवायला पहिला धावून जाणारा खेळाडू सर्वांत धोक्यात असतो. कॉर्नरवर गोलकडे मारलेला पहिला हिट ४६० मिलिमीटरपेक्षा वर गेला तर गोल धरत नाहीत. ड्रॅग फ्लिकला (स्टिकने चेंडू ओढत नेऊन उडवण्याला) मात्र उंचीची ही मर्यादा नाही. म्हणून पहिल्या धावून जाणाऱ्या मुलाला मास्क, ग्लोव्ह, एल गार्ड आणि गुडघ्याचे पॅड हे चारही द्या. हे संघाने मिळून घेतलं तरी चालतं, एल गार्ड सोडून.

१३. मुलीला गोलकीपर व्हायचं आहे. पूर्ण किटमध्ये काय काय येतं?

पूर्ण चेहरा झाकणाऱ्या जाळीचं हेल्मेट, गळ्याचा गार्ड, छातीचा गार्ड आणि त्याला जोडलेले किंवा सुटे हात-कोपरांचे गार्ड, दोन्ही हातांचे हँडगार्ड, ओटीपोटाचा गार्ड, मांड्या आणि कमरेला गादी असलेली चड्डी, पायांचे पॅड आणि बुटांवर चढणारे किकर. नियमाने यांतले फक्त तीन सक्तीचे आहेत (प्रश्न २ पाहा). पण माझा ठाम आग्रह आहे की अर्ध्या किटवर कुणालाही गोलमध्ये उभं करू नका. गळ्याचा गार्ड सगळ्यांत स्वस्त असतो आणि सर्वांत आधी विसरला जातो. चेंडू हनुवटीखालून आत गेला तर हेल्मेट काही करू शकत नाही.

साइज बघताना पॅडचा गुडघ्याचा भाग मुलीच्या गुडघ्यावरच आला पाहिजे, आणि पॅडचं खालचं टोक किकरवर नीट टेकलं पाहिजे. पॅड मोठे असतील तर ती पाय उचलण्याऐवजी ओढते. हेल्मेट डोकं जोरात हलवल्यावर फिरता कामा नये. केसांची सैल वेणी मानेपाशी घाला. उंच पोनी किंवा अंबाडा असला की हेल्मेट मागून उचललं जातं आणि पुढची जाळी डोळ्यांवर येते. क्लिपा आणि पिना नकोत.

१४. गोलकीपरचं किट परवडत नाही. काय करायचं?

पी. आर. श्रीजेश यांच्या वडिलांनी मुलाच्या किटसाठी गाय विकली होती. पुढे टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्या मुलाने भारताचा गोल राखला आणि दोन्ही वेळा कांस्यपदक आलं. ही गोष्ट ऐकून अनेक पालक कर्ज काढायला निघतात. तसं करू नका. वाढत्या मुलाचं किट दोन-तीन वर्षांत लहान होतं, म्हणून ते क्लबने किंवा शाळेने घ्यावं आणि पुढच्या मुलाकडे द्यावं. क्लबकडे नसेल तर पालकांनी मिळून वर्गणी काढणं हाच रास्त मार्ग आहे. मुलाने स्वतःचं घ्यायचं ते माउथगार्ड, ओटीपोटाचा गार्ड, हँडगार्डच्या आतले पातळ ग्लोव्ह आणि हेल्मेटखाली बांधायचा रुमाल.

क्रीडा प्रबोधिनीसारख्या निवासी केंद्रात निवड झाली असेल, तर केंद्राकडून यादी हातात येईपर्यंत काहीच विकत घेऊ नका.

१५. जुनं किट घेताना काय तपासायचं?

हेल्मेटला तडा नाही ना, ते कानाची भोकं आणि स्क्रूभोवती बघा. जाळी वाकलेली असेल किंवा आतला फोम कडक झाला असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका. पॅड आणि किकरचा फोम अंगठ्याने दाबा. लगेच वर आला पाहिजे. वरवरच्या खरचट्यांनी काही बिघडत नाही, खोल चिरा नकोत. किकरच्या तळाखालचा पट्टा सर्वांत आधी झिजतो. तो आणि बकलं चप्पल-बूट दुरुस्त करणारे कारागीर छान बदलून देतात. माउथगार्ड दुसऱ्याचा वापरलेला कधीच नाही.

१६. क्रिकेटचे पॅड आणि हेल्मेट घालून गोलमध्ये उभं राहिलं तर? चेंडू तर सारख्याच वजनाचा आहे.

वजन सारखं असलं तरी काम वेगळं आहे. गोलकीपर जमिनीवर झोपतो आणि पायाने चेंडू मारतो, आणि त्याच्यावर दोन-तीन पावलांवरून फटके येतात. क्रिकेटचा पॅड पाऊल झाकत नाही. क्रिकेटच्या हेल्मेटमध्ये जाळी आणि टोपाच्या मध्ये जी फट असते, तिच्यातून हॉकीच्या स्टिकचं टोक आत जाऊ शकतं. गळा उघडाच राहतो. सरावालाही चालवू नका. किट नसलेल्या दिवशी रिकाम्या गोलवर प्लॅस्टिकचे शंकू (कोन) मांडून नेमबाजीचा सराव घ्या.

१७. ऑनलाइन शोधलं की मोठाले खांद्याचे पॅड दिसतात. कॅनडातला माझा भाऊ किट आणतो म्हणतोय, आणू दे का?

ते बर्फावरच्या हॉकीचं सामान आहे. तिथे अंगावर धडकणं खेळाचाच भाग आहे, म्हणून खांदे, कोपर आणि कंबर झाकतात. मैदानी हॉकीत त्याचा उपयोग नाही. भावाला सांगायचं असेल तर "फील्ड हॉकी" असा शब्द वापरून, सेंटिमीटरमधलं माप लिहून पाठवा. पण घालून न बघता आणि परत करता न येणारी वस्तू परदेशातून मागवण्यापेक्षा इथेच घेणं बरं. जालंधर आणि मेरठचा माल आपल्या शहरांतल्या क्रीडा साहित्याच्या दुकानांत मिळतो, आणि मुलांच्या शिनगार्डसाठी तो पुरेसा चांगला असतो. स्केट्सवरच्या रोलर हॉकीची यादी वेगळी असते. ती त्यांच्या प्रशिक्षकांकडून घ्या.

१८. पावसाळ्यात किटला वास येतो, बुरशी धरते. उन्हात टाकलं तर चालेल का?

कडक उन्हात नको. फोम तापून वाकतो आणि चिकटवलेले जोड सुटतात. बंद गाडीत ठेवलेला माउथगार्ड तर आकारच सोडतो. मैदानावरून आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करा आणि सगळं पंख्याखाली सुटं पसरा. कापडी भाग साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा. माउथगार्ड गार पाण्याने ब्रश करून भोकं असलेल्या डबीत ठेवा.

१९. डोक्याला चेंडू लागला, पण मुलगा "बरा आहे" म्हणतोय. परत खेळवू का?

त्या दिवशी नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं, उजेड सहन न होणं यांतलं काहीही दिसलं तर मेंदूला धक्का बसला आहे असं धरून चाला. लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा झटका आला तर थेट रुग्णालय. परत कधी खेळायचं ते डॉक्टर सांगतील, प्रशिक्षक किंवा पालक नाहीत. माउथगार्ड दात आणि ओठ वाचवतो. त्याने मेंदूला धक्का बसत नाही, असं समजू नका.

२०. कडं, बाळ्या, गळ्यातला ताईत काढलाच पाहिजे का?

हो. दुसऱ्याला इजा होईल असं काही अंगावर नको, आणि अंपायर ते काढायला लावतात. कान टोचायचे असतील तर सामन्याच्या तारखा बघून ठरवा. ताईत घरी काढायला नको वाटत असेल तर किटबॅगच्या आतल्या कप्प्यात ठेवा.

२१. सगळं आणलं, पण मुलगा माउथगार्ड घालायलाच तयार नाही. उलटीसारखं होतं म्हणतो.

बहुतेकदा मागची कड लांब असते. ती थोडी कापा किंवा परत बसवा (प्रश्न ६ पाहा). मग मैदानावर नाही, घरी सवय लावा. टीव्ही बघताना दहा मिनिटं, मग गृहपाठ करताना, मग पुस्तक मोठ्याने वाचताना. आठवडाभरात बोलणं आणि श्वास दोन्ही जमतं. मैदानावर मुलं माउथगार्ड मोज्यात खोचतात किंवा हातात धरतात, आणि पडला की तसाच तोंडात घालतात. म्हणून डबी पाण्याच्या बाटलीलाच दोरीने बांधून द्या. आणि प्रशिक्षकांना एक विनंती करा: सरावात शिट्टी वाजली की आधी सगळ्यांचे दात बघा, मग चेंडू द्या.